आधी वर्षाचा हिशोब, मग पुढच्या वर्षाचे गोल

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 34, नाशिकच्या अंबड भागातल्या एका कंपनीत क्वालिटीला, रोटेशन शिफ्ट, घर पाथर्डी फाट्याला, दिंडोरी तालुक्यात वडिलांची द्राक्षबाग आहे ती भाऊ बघतो, एक शाळेत जाणारी मुलगी. दर डिसेंबरला पाच-सहा गोल लिहायचे, वजन कमी करणं, जर्मन शिकणं, सेव्हिंग, बागेत लक्ष घालणं, वाचन, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत सगळं बंद. यंदा मागे वळून बघितलं तर वर्षभरात काहीच झालं नाही असं वाटतंय. मग मागच्या वर्षाचा आढावा नेमका कसा घ्यायचा आणि पुढचं कसं ठरवायचं?

मी नाशिकमध्ये समुपदेशन करते, त्याआधी बरीच वर्षं सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांमध्ये ट्रेनिंगचं काम केलंय, त्यामुळे शिफ्टमधली माणसं, शेतकरी घरातून नोकरीत आलेली माणसं, त्यांच्या बायका, रिटायर होऊ घातलेले सुपरवायझर, सगळ्यांबरोबर हे काम बसून केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते "काहीच झालं नाही" बघू. हे वाक्य डिसेंबरात माझ्यासमोर बसलेला जवळपास प्रत्येकजण म्हणतो, आणि मी प्रत्येकाला एकच विचारते, कशावरून? तेव्हा कळतं की माणसाने काही मोजलेलंच नसतं, त्याला तसं वाटत असतं. आपली आठवण वर्षाची सरासरी काढत नाही हो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात यावर बरंच काम केलं, एखादा अनुभव किती वेळ चालला हे आपण फारसं लक्षात ठेवत नाही, त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट कसा झाला या दोन गोष्टींवरूनच आपण तो चांगला की वाईट ते ठरवतो. त्यांचे प्रयोग छोट्या अनुभवांवर होते, पण वर्षाच्या बाबतीतही मला रोज तेच दिसतं. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात तुमची सलग सेकंड शिफ्ट असेल, ऑडिट असेल, बागेत पाऊस होऊन गेला असेल, तर मार्चमधला चांगला महिना हिशोबात येतच नाही. म्हणून आढावा डोक्यातून घ्यायचा नाही, कागदपत्रांवरून घ्यायचा. हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एवढं करा.

कागदपत्रं म्हणजे काय, तर मोबाईलची गॅलरी उघडा आणि जानेवारीपासून एकेक महिना सरकवत या. बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयची हिस्ट्री काढा. कंपनीच्या पोर्टलवर हजेरी, रजा, ओटी (ओव्हरटाइम) असतं ते बघा. घरातल्यांची दवाखान्याची फाईल बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वयंपाकघरात लटकलेलं कालनिर्णय खाली काढा. त्याच्यावर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर कधी लागला ते असतं, शाळेची फी, पाहुणे कधी आले, वडिलांना डॉक्टरकडे कधी नेलं, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या, सगळं. कोणाला दाखवायला लिहिलेलं नसतं म्हणून इतकं खरं असतं ते. जुनं कालनिर्णय जानेवारीत रद्दीत टाकू नका, तुमच्या घराच्या वर्षाची एवढी सविस्तर नोंद दुसरीकडे कुठेच नाही.

मग एक साधी वही घ्या, मुलीची शंभर पानी उरलेली असेल तीसुद्धा चालते, त्यासाठी महागडी प्लॅनर डायरी नको आणि ॲप तर मुळीच नको कारण मोबाईल हातात घेतला की पुढचा अर्धा तास दुसरीकडेच जातो. प्रत्येक महिन्याला अर्धं पान. त्या महिन्यात काय घडलं, वेळ आणि पैसा कुठे गेला, आणि आत्ता ते बघताना कसं वाटतंय, एवढंच. शहाणपणाचं काही लिहू नका. "मे, भावाच्या मुलाची मुंज, पंधरा दिवस त्यातच गेले, चांगलं वाटलं" असं लिहा. बारा महिने एका बैठकीत होत नाहीत, दोन रविवार लागतात, लागू द्या.

हे झालं की दोन रंगांचे पेन घ्या. जे तुमच्या हातात होतं त्याला एक रंग, जे नव्हतं त्याला दुसरा. अवकाळी पाऊस, कंपनीने शिफ्ट पॅटर्न बदलणं, आईचं ऑपरेशन, हे दुसऱ्या रंगात. शेतकरी घरातल्या माणसाला हे पटवायला मला फार वेळ लागतो, कारण त्याला लहानपणापासून गारपीटसुद्धा स्वतःच्या नशिबाच्या खात्यात लिहायची सवय असते. हा रंग बघून स्वतःला माफ करून टाका असं माझं म्हणणं नाहीये. माझा मुद्दा हा की पुढच्या वर्षी कुठे जोर लावायचा ते यातूनच कळतं, जिथे तुमचा हातच पोचत नाही तिथे ठरवून काय होणार.

अजून एक, आणि हे मी मनापासून सांगते. ठरवलेलं नव्हतं पण झालं अशा गोष्टींची वेगळी यादी करा. वडिलांना महिनाभर दवाखान्यात ने-आण केली, मुलीला सायकल शिकवली, लाईनवरच्या नवीन पोराला गेज कसं लावायचं ते शिकवून तयार केलं. हे कुठल्याच डायरीत गोल म्हणून नव्हतं म्हणून ते "काहीच नाही" मध्ये जातं. घर सांभाळणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हे इतकं होतं की मला वाईट वाटतं. नाशिकरोडच्या एका ताई माझ्याकडे आल्या होत्या, म्हणाल्या मी काय केलं वर्षभर, घरच तर सांभाळलं. आम्ही त्यांचं कालनिर्णय घेऊन बसलो, सासऱ्यांच्या फिजिओथेरपीच्या तारखा, मुलाच्या दहावीच्या क्लासच्या वेळा, दोन लग्नं, घराला रंग, आणि मधेच त्यांनी शिवणाच्या ऑर्डरीही घेतल्या होत्या ज्या त्या स्वतःच विसरून गेल्या होत्या. पान भरत गेलं तसा त्यांचा आवाज बदलत गेला. पुढच्या वर्षाचं बोलायला त्या त्यानंतरच तयार झाल्या, आणि बोलल्या त्या थेट शिवणावरच.

वही भरली की चार प्रश्न. इंटरनेटवर पन्नास-पन्नास प्रश्नांच्या याद्या फिरतात, त्या सोडवता सोडवता माणूस दमतो, मला इतक्या वर्षांत हे चार पुरलेत. कोणी न सांगता मी वर्षभर काय करत राहिलो? कुठली तक्रार मी परत परत केली, घरी, मित्रांजवळ, चहाच्या टपरीवर? कशाला हो म्हटलं आणि मग पस्तावलो? आणि चौथा, कुठला गोल मी तिसऱ्या-चौथ्या वर्षी तसाच पुढे ढकलतोय?

चौथ्यावर जरा थांबते. तीन वर्षं लिहून एक पाऊलही न पडलेला गोल बहुतेक वेळा तुमचा नसतो. कोणीतरी मित्र जर्मनी की ऑस्ट्रियाला गेला म्हणून आलेला असतो, कॉलेजात असताना एमपीएससीचं स्वप्न होतं ते सोडवत नाही म्हणून राहिलेला असतो, किंवा साडूने गंगापूर रोडला फ्लॅट घेतला म्हणून आलेला असतो. किंवा तो तुमचाच असतो पण त्याची वेळ ही नसते. दोन्हीत तो यंदाच्या पानावरून खोडावा लागतो. तुमच्या घरात द्राक्षबाग आहे म्हणून तुम्हाला हे सांगणं सोपं आहे. एप्रिलच्या खरड छाटणीत आपण गेल्या हंगामाची काडी एक-दोन डोळे, म्हणजे नवी फूट येण्याच्या जागा, ठेवून कापून टाकतो, बाग अगदी बोडकी दिसते, नवख्या माणसाला वाटतं नुकसान केलं. पण त्यानंतर जी नवी फूट येते तिच्या डोळ्यांत मे-जूनमध्ये सूक्ष्म घडनिर्मिती होते, म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर जे घड दिसतात ते आत आधीच ठरलेले असतात. जुनी काडी तशीच ठेवली असती तर त्या फुटीला जागा आणि ताकद कुठून मिळाली असती? तुमच्या पाच गोलांचंही तसंच आहे, पाचही ठेवले तर एकालाही ताकद मिळत नाही.

आता छाटणीवरून आणखी एक आठवलं, आणि हे कोणी फारसं बोलत नाही. तुमचं वर्ष जानेवारीत सुरू होतं हे कोणी ठरवलं? 31 डिसेंबरला बागायतदाराच्या झाडावर माल असतो, डावणी-भुरी या रोगांची धास्ती असते, जानेवारी ते एप्रिल काढणी, व्यापाऱ्यांचे फोन, त्या माणसाला पुढच्या वर्षाचे संकल्प कर म्हणणं म्हणजे चुकीच्या वेळी चुकीचा प्रश्न विचारणं आहे. त्याचं वर्ष बाग खाली झाली की संपतं. उन्हाळ कांदेवाल्याचं कांदा चाळीत पडला की संपतं. दुकानदाराचं दिवाळीत वहीपूजनाला, अकाउंटवाल्याचं मार्च एंडला, शिक्षकाचं आणि शाळेतली पोरं असलेल्या प्रत्येक आईचं जूनला. तुम्ही कंपनीत आहात, तुमचं अप्रेझल आणि इन्क्रिमेंट ज्या महिन्यात होतं तोच तुमचा नोकरीचा वर्षाखेर. मग करिअरचे गोल त्याच्या आधी महिनाभर ठरवा, म्हणजे साहेबांसमोर बोलायला काहीतरी असेल. आणि बागेबद्दल भावाशी एप्रिल-मेमध्ये बसा, आत्ता त्याला त्रास देऊ नका.

नवीन तारखेला सुरुवात करायचा हुरूप मात्र खरा असतो. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रिस यांनी 2014 मध्ये दाखवलं की आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात, वाढदिवस अशा टप्प्यांनंतर लोक जिमला जास्त जातात, डाएटबद्दल जास्त शोधतात. मग आपल्याकडे काय अशा तारखांची कमी आहे का? गुढीपाडवा आहे, अक्षय्य तृतीया आहे, दसरा आहे, दिवाळी पाडवा आहे. जानेवारीतलं फेब्रुवारीत बंद पडलं तर पाडवा महिना-दीड महिन्यावर असतो, परत सुरू करा. वर्ष वाया गेलं म्हणून पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबणारी माणसं बघितली की मला खरंच हळहळ वाटते.

आता गोल. दोन. फार तर तीन. तुमच्या यादीतली पाच गोष्टी वाईट नाहीयेत, पण शिफ्टमधल्या माणसाकडे आठवड्याला स्वतःचे म्हणून जे काही तास उरतात ते पाच ठिकाणी वाटले की कुठेच काही होत नाही.

गोल कसा लिहायचा याबद्दल एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांचं अनेक दशकांचं काम आहे. त्यांचं म्हणणं असं की नेमका आणि थोडा अवघड गोल हा "जमेल तेवढं करू" पेक्षा चांगला चालतो, अट एवढीच की माणसाला तो मनापासून हवा असावा आणि कुठवर आलोय ते त्याला मध्ये मध्ये कळत राहावं. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं फार कमी लोक सांगतात, ते म्हणजे काम नवीन असेल, कसं करायचं हेच माहीत नसेल, तेव्हा आकड्याचा गोल उलटा पडतो. लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच हे पुढे दाखवलं, अशा वेळी शिकण्याचा गोल जास्त कामाचा. तुमच्या जर्मनचंच घ्या. "डिसेंबरपर्यंत ए1 (जर्मनची पहिली पातळी) पास" हे लिहून तुम्ही फेब्रुवारीत का थांबलात? कारण शिफ्ट करून भाषा कशी शिकायची हेच अजून सापडलेलं नाही. मग पहिल्या तीन महिन्यांचा गोल असा पाहिजे, की ऑनलाईन बॅच, कंपनीच्या बसमध्ये ऐकणं, रविवारी सकाळी दोन तास, हे तीन प्रकार प्रत्येकी महिनाभर करून बघेन आणि माझ्या शिफ्टमध्ये कुठला टिकतो ते शोधेन. परीक्षेचा आकडा त्यानंतर. सेव्हिंगला मात्र आकडाच पाहिजे, आणि ते सगळ्यात सोपं आहे, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आरडी किंवा एसआयपी ऑटोमॅटिक कापली जाईल असं करून टाका आणि त्याला गोलांच्या यादीतून काढून टाका, त्यासाठी रोज मन घट्ट करायची गरजच ठेवू नका.

वजनाचं बघू. "10 किलो कमी" हा निकाल झाला, तो थेट तुमच्या हातात नाही. हातात काय आहे, चालणं आणि रात्रीचं जेवण. आणि लिहिताना "बंद करणार" असं लिहू नका, "करणार" असं लिहा. स्वीडनमध्ये हजारावर लोकांचा वर्षभर पाठपुरावा करून 2020 मध्ये निष्कर्ष आले, काहीतरी करण्याचा संकल्प केलेल्यांपैकी सुमारे 59 टक्के लोकांनी वर्षाअखेर आपण यशस्वी झालो असं सांगितलं, काहीतरी टाळण्याचा केलेल्यांपैकी सुमारे 47 टक्के. म्हणजे "कॅन्टीनचा वडापाव बंद" याच्यापेक्षा "डब्यात रोज काकडी किंवा उसळ आणि ती आधी खाणार" हे बरं.

आता शिफ्टचा मुद्दा, कारण तुमचे गोल इथेच पडतात असं मला पक्कं वाटतंय. तुम्ही लिहिलं असेल "रोज सकाळी सहाला वॉक". पहिला आठवडा फर्स्ट शिफ्ट, सहाला तर तुम्ही बसस्टॉपवर. पुढचा आठवडा सेकंड, रात्री घरी पोचून झोपायला एक-दीड, सहाला कोण उठणार आणि उठूही नये. नाईटला तर सकाळ म्हणजे तुमची रात्र. तो गोल जनरल शिफ्टवाल्या माणसाचा आहे, तुमच्यावर लादलेला आहे, आणि तो तुटला की तुम्ही म्हणता माझ्यात विलपॉवर नाही. विलपॉवरचा काही संबंध नाही इथे! तुम्हाला एका गोलाचे तीन प्लॅन पाहिजेत.

पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर 1990 च्या दशकात काम केलं, "अमुक झालं की मी तमुक करेन" अशा वाक्यात ठरवलं की काम होण्याची शक्यता चांगलीच वाढते, 2006 मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी असे 94 अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हाही हेच आलं. कारण तेव्हा निर्णय त्या क्षणी घ्यावा लागत नाही, प्रसंगच आठवण करून देतो. तर तुमचं असं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, कंपनीच्या बसमधून पाथर्डी फाट्याला उतरलो की घरी न जाता आधी अर्धा तास चालणार आणि मग वर जाणार, कारण एकदा सोफ्यावर टेकलो की संपलं हे तुम्हालाही माहितीये. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात, मुलीला शाळेत सोडलं की तिथूनच परस्पर चालायला. नाईटच्या आठवड्यात काही नाही. खरंच काही नाही, झोप पूर्ण करणं हाच त्या आठवड्याचा गोल, आणि वहीत त्याला टिक करायची. रविवारी जमलं तर मुलीला घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, तुमच्या घरापासून जवळ आहे, तिलाही मजा येईल. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लब ग्राऊंड छान आहे पण तुम्हाला शहर ओलांडून तिथे जायचंय, तिथलं ठरवू नका, लांबचं ठिकाण हाच पहिला बहाणा होतो. आणि प्रत्येक प्लॅनचं एक सगळ्यात लहान रूप ठरवून ठेवा, पाऊस असेल, पाहुणे असतील, तर दहा मिनिटं जिन्यात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

नुसतं चांगलं चित्र डोळ्यासमोर आणत बसू नका, हेही सांगते, कारण हल्ली त्याचं फार आहे, हव्या त्या गोष्टींची चित्रं चिकटवलेला व्हिजन बोर्ड वगैरे. गॅब्रिएले ओटिंगन यांचं बरंच संशोधन आहे की फक्त गोड कल्पना करत राहिलं तर उलट अंगातला जोर कमी होतो, कारण मनाला ते मिळाल्यासारखंच वाटतं. त्या म्हणतात, हवं ते बघा आणि लगेच त्याच्या आड आपल्यातलंच काय येतं तेही बघा. "शिफ्टवरून आलो की मला रील बघायच्या असतात" हे स्पष्ट लिहा. मग त्यालाच वाक्य जोडा, फोन चार्जिंगला लावला की चप्पल घालणार.

बाहेरच्या अडचणींसाठी परत कालनिर्णय, या वेळी नवीन. जानेवारीतच बसून येणाऱ्या वर्षातल्या माहीत असलेल्या गोष्टी त्याच्यावर मार्क करा, मुलीच्या परीक्षा, लग्नतिथी, गावची जत्रा, गणपती, दिवाळी, कंपनीचं ऑडिट, काढणीला गावी जावं लागतं ते आठवडे, दोन्ही छाटण्या. नाशिककरांना तर 2027 चा सिंहस्थ कुंभमेळाही धरावा लागेल, रस्त्यांची कामं, डायव्हर्जन, पर्वणीला गर्दी, घरात येणारे पाहुणे, ज्यांचा हॉटेल-ट्रॅव्हल्सचा धंदा आहे त्यांचं तर सगळं वर्षच त्याच्याभोवती फिरणार. हे सगळं मार्क केलं की कळतं आपल्याला 52 आठवडे कधीच मिळत नाहीत. जे उरतात त्यात गोल बसवा. आपण वेळेचा अंदाज नेहमी कमी धरतो, कानेमन आणि ट्वर्स्की यांनी हे 1979 मध्येच मांडलं होतं, आणि 1994 मधला एक अभ्यास मला फार आवडतो, विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल विचारलं, त्यांनी सरासरी 34 दिवस सांगितले आणि प्रत्यक्षात लागले जवळपास 56. हुशार मुलं होती ती. तुम्ही तीन महिने म्हणाल तिथे पाच धरा.

दोन अफवांबद्दल पटकन. 21 दिवसांत सवय लागते हे खरं नाही, ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या एका निरीक्षणावरून पसरलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर 12 आठवडे अभ्यास केला, तेव्हा साधारण 66 दिवस आले, आणि माणसामाणसात फरक 18 पासून 254 पर्यंतचा (12 आठवड्यांपुढचे आकडे हिशोबाने काढलेला अंदाज). त्यातली कामाची गोष्ट ही की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर काही फरक पडला नाही. दुसरी अफवा, येल विद्यापीठात 1953 च्या बॅचमधल्या ज्या 3 टक्के मुलांनी गोल लिहून ठेवले होते ती पुढे बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाली. असा अभ्यास झालेलाच नाही, तरी सेमिनारमध्ये अजून सांगतात. लिहिण्याचा उपयोग आहे, पण लिहिलं म्हणजे झालं असं नाही.

आणि फेब्रुवारीत बंद पडण्याबद्दल. अमेरिकेत जॉन नॉरक्रॉस यांनी 1980 च्या दशकात नववर्षाचा संकल्प केलेल्या 200 लोकांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या आठवड्यानंतर 77 टक्के टिकून होते, दोन वर्षांनी 19 टक्के. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात बघा, कोणाचंच टिकत नाही. पण पुढचं वाचा, जे यशस्वी झाले त्यांच्यातल्याही निम्म्याहून जास्त लोकांचं मधे कधीतरी चुकलं होतं, आणि अशा चुका सरासरी 14. चौदा वेळा घसरूनसुद्धा ते यशस्वी लोकांमध्ये मोजले गेले. तुम्ही कितव्या वेळी सोडलंत? बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या.

हे सगळं बायकोबरोबर बसून करा. एका घरातले गोल एकाच वेळेतून आणि एकाच पगारातून निघतात, तुमचा अर्धा तास चालणं म्हणजे तिचा अर्धा तास एकटीने मुलीचा अभ्यास घेणं. तिची वही वेगळी, आणि तिला बोलताना मधेच तोडू नका. तिचेही दोन गोल आणि तुमचेही दोन, मग कालनिर्णयावर कोणाचं काय कुठे बसतं ते दोघांनी मिळून बघायचं. वडिलांना आणि भावाला बागेबद्दल काय अपेक्षा आहे तेही सरळ विचारा. तुम्ही "लक्ष घालणार" लिहिता, त्यांना कदाचित फक्त औषधांच्या आणि मजुरीच्या हिशोबाची एक्सेल शीट हवी असेल, जी तुम्ही दोन रविवारांत बनवून द्याल.

एक गंभीर गोष्ट. आढावा घेताना जर असं लक्षात आलं की दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नाहीये, झोप-भूक बिघडलीये, सारखं निरुपयोगी वाटतंय, तर गोल बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन 14416 आहे, फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर दोन आठवडे काय, एक दिवसही वाट बघायची नाही. अशा मनःस्थितीत केलेला आढावा सगळाच काळा येतो आणि माणूस त्यालाच खरं धरून बसतो.

पाठपुराव्याला कालनिर्णयाचं पान उलटायचा दिवस पकडा, दर महिन्याला वीस मिनिटं, चहा घेऊन दोघांनी. तीन ओळी लिहायच्या, काय झालं, काय आड आलं, पुढच्या महिन्यात कुठली शिफ्ट कधी आहे. एखाद्या गोलात एक महिना काही झालं नाही तर काही बदलू नका, तसंच चालू ठेवा. दोन महिने सलग काही झालं नाही तर गोल तोच ठेवून वेळ किंवा जागा बदला. आणि तीन प्लॅन बदलूनही हललं नाही, तर त्याला यंदाच्या पानावरून काढा आणि ती वेळ दुसऱ्या गोलाला द्या. तुमच्यासाठी मी यंदा चालणं आणि जर्मन एवढे दोनच धरेन, वाचन बसमध्ये जेवढं होईल तेवढं होऊ दे, आणि बागेचं भावाशी मे महिन्यात बोलून ठरवा.